मालदांडी

“नाव कशाला हवं, ताई? ज्वारी ती ज्वारी.”

दादरच्या दुकानात आज मी एवढंच विचारलं होतं, मालदांडी आहे का?

मागे उभ्या असलेल्या आजोबांनी गोणीत हात घातला. चार दाणे तळहातावर घेऊन उजेडात धरले, एक दाताखाली फोडला. “मालदांडीच आहे. आम्ही मंगळवेढ्याचे.” टपोरे, गोल, मोत्यासारखे दाणे.

दिवसभर तेच डोक्यात आहे. केवढं काम आहे या दाण्यामागे! सोलापूरकडच्या गावरान मालदांडीतून मोहोळच्या शेती संशोधन केंद्रावर निवड करून ‘एम 35-1’ हे वाण काढलं, तेही स्वातंत्र्याच्या आधी. पाऊस सरल्यावर काळ्या रानात उरलेल्या ओलीवर येतं. माणसाला भाकरी, जनावराला कडबा. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले वसुधा, फुले रेवती ही ज्वारीची वाणं दिली.

तांदूळ घेताना आपण कोलम की आंबेमोहोर ते विचारतोच ना? मग ज्वारीचंच नाव का विसरलो? गिऱ्हाईक वाण विचारेल, तर दुकानदार विचारेल, आणि मग कोरडवाहू शेतकऱ्याला ते पेरायला कारण राहील.

तुमच्या घरी येते ती ज्वारी कुठली?