सूचनापेटीची किल्ली

नागपूर, मंगळवार रात्र

आजच्या तपासणीत बालगृह तसं नीटनेटकं निघालं. धान्य निवडलेलं, कूलरमध्ये पाणी, रजिस्टरं भरलेली. आमच्या तपासणी समितीतल्या डॉक्टरबाई खूश होत्या. सूचनापेटी कुठेय विचारलं, तर ती अधीक्षकांच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीमागच्या कपाटावर. "पोट्टे त्यात बिस्किटाचे कागद टाकते मॅडम, म्हणून इकडं आणली." किल्लीही त्यांच्याच जुडग्यात.

काळजीवाहकानं मारलं म्हणून चिठ्ठी टाकायला कुठलं पोर साहेबांच्या टेबलाला वळसा घालून तिथवर जाणार?

नियम लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली २०१६ साली आदर्श नियम आले. त्यांत पेटी ऑफिसपासून लांब आणि मुलांच्या खोल्यांजवळ हवी, किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे हवी आणि पेटी दर आठवड्याला मुलांच्या समितीसमोर उघडायला हवी, असं आहे. किती बारीक विचार केलाय!

शिक्षेच्या कलमांबाबत मात्र माझं तितकं चांगलं मत नाही. संस्थेतल्या माणसानं मुलाला क्रूरपणे वागवलं तर कलम ७५ प्रमाणे ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड. तेच 'शिस्तीसाठी' मारलं म्हटलं की कलम ८२, आणि पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड. नोकरी जाऊ शकते, हे खरं. पण पट्टा तोच, पाठही तीच. हाताखालच्या माणसानं केलेला लैंगिक अत्याचार कळवला नाही तर पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, संस्थाप्रमुखाला १ वर्षापर्यंत कैद आहे. सगळी कलमं लागू होतात ती पोरानं तोंड उघडल्यावर. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले लैंगिक अत्याचार २०१८ मध्ये उघडे पडले, तेही टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची माणसं तिथल्या मुलींशी बोलली म्हणून.

आम्ही आज मुलांशी बोललो, पण अधीक्षक दारात उभे होते. चहा सांगायला पाठवलं तर शिपायाला हाक मारली आणि स्वतः तिथेच थांबले. एकानं जेवण चांगलं असतं म्हणून सांगितलं, मग बाकीच्यांनीही तेच.

कायद्याप्रमाणे अहवाल आठवड्याच्या आत द्यायचाय. आमच्या तक्त्यात 'सूचनापेटी: आहे/नाही' असा रकाना आहे. डॉक्टरबाई म्हणतात, पेटी तर आहे ना, 'आहे' लिहा, बाकीचं शेरा म्हणून टाकू. मी 'नाही' लिहिणार आहे. त्यांना सही करायची नसेल तर वेगळं मत जोडू देत.