तुम्ही विचारलंत म्हणून: हळदीनं रक्त शुद्ध होतं का?

सांगलीत राहायचं आणि रक्तातल्या प्रथिनांवर काम करतो म्हणायचं, म्हणजे हा प्रश्न ठरलेला. मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले आमचे मामेसासरे तर दर दिवाळीला विचारतात, "काय जावईबापू, हळदीनं रक्त शुद्ध होतंय म्हणत्यात, ते तुमच्या मशिनीत दिसतंय का?"

दिसतं, पण वेगळंच काहीतरी.

मुळात मी कुणाचं रक्त काढत नाही. फ्रीजमधल्या बाटलीतली अल्ब्युमिनची भुकटी बफरमध्ये, म्हणजे पीएच (आम्लता) स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, विरघळवतो. रक्तद्रवात सर्वांत जास्त असलेलं हे प्रथिन, पाण्यात न विरघळणाऱ्या कितीतरी गोष्टी वाहून नेणारा हमालच म्हणा. माणसाच्या अल्ब्युमिनमध्ये ५८५ अमिनो आम्लांची माळ असते आणि त्यात ट्रिप्टोफॅनचा मणी एकच, २१४व्या जागी. माझी सगळी भिस्त त्या मण्यावर. २९५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडला की तो साधारण ३४०ला उजळतो. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही, मशीन आलेख काढतं. युरिया घालून प्रथिनाची घडी मोडली की आत दडलेला मणी पाण्यात उघडा पडतो आणि आलेखाचा डोंगर ३५०कडे सरकतो. सरकणं एवढंसंच, पण घडी मोडल्याची चुगली तेच करतं.

आता हळद. तिचा पिवळा रंग कर्क्युमिनचा. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, आणि रक्ताइतक्या पीएचच्या नुसत्या बफरमध्ये काही मिनिटांत मोडायला लागतं. अल्ब्युमिनच्या खोबणीत शिरलं की मात्र तग धरतं. ते शिरलं की शेजारचा मणी मंदावतो, डोंगर खचतो. पहिल्यांदा तो असा धाडकन खचलेला पाहून मी हरखलो होतो. मग लक्षात आलं, कर्क्युमिन स्वतःही थोडा प्रकाश गिळतं. मणी जागच्या जागी असला तरी आलेख खाली येणारच! ती वजावट केलीच नव्हती. दोन महिन्यांची आकडेमोड पुन्हा करावी लागली. मामांना हे लगेच समजलं. "म्हंजे बारदान धरून वजन केलंसा."

तर, खोबणीत शिरलेलं दिसतं, घडी किती हलली तेही कळतं. "शुद्ध" असा डोंगर कुठल्याच आलेखात नसतो. शिवाय हे सगळं क्युवेटमधलं, म्हणजे मशिनीत ठेवायच्या छोट्या काचेच्या डबीतलं. खाल्लेल्या हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं. दुधात हळद घालून जरूर प्या, मीही पितो, पण रक्त धुण्यासाठी नव्हे.

मामांनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती काचंची डबी पिवळी हुत न्हाई?"

होते. क्वार्ट्झची आहे, महाग आहे. पाण्यानं निघत नाही, अल्कोहोलनं निघते.

"आन् सदऱ्याला?"

सदरा उन्हात टाका म्हटलं. प्रकाशात कर्क्युमिन टिकत नाही.