तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरा बेस (गिटार) का नाही घेत?

साउंडचेकला विचारतात, लग्नाच्या हॉलवर विचारतात, परवा ठाण्याला नऊ नंबरवर वाशी लोकलची वाट बघत होतो तर गिटारची बॅग लावलेल्या एका पोराने विचारलं, आणि विचारताना सगळ्यांचा चेहरा सेम, म्हणजे घरी पैशांचं काही आहे का टाइप. तर एकदाच लिहून टाकतो.

हो, एकच आहे. चार तारांचा, पॅसिव्ह म्हणजे आत बॅटरी नसलेला, 2009 ला घेतलेला. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगितलं की लगेच "अरे त्यापेक्षा ते घ्यायचं ना" सुरू होतं.

आधी माझ्याकडे एक तयार उत्तर होतं. जेम्स जेमर्सन, अमेरिकन बेसवाला. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची ती सगळी गाणी, आणि माणसाने त्यातलं बहुतेक काम 1962 च्या एका फेंडर प्रिसिजन बेसवर काढलं, तार तुटल्याशिवाय बदलायचा नाही, आणि तुम्ही मला काय शिकवता? हे मी बरीच वर्षं ऐकवलं. ऐकवताना दोन गोष्टी गाळायचो. एक म्हणजे तो मुळात डबल बेसवाला, ते उभं मोठं व्हायोलिनसारखं वाद्य, म्हणजे दुसरं वाद्य त्याच्याकडे होतंच. आणि दुसरी, 1983 मध्ये तो गेला त्याच्या थोडं आधी तो प्रिसिजन चोरीला गेला. दुसरा मोठा बेसवाला जॅको पास्टोरियस, त्याचा फ्रेट (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या) काढलेला प्रसिद्ध जॅझ बेस, तोही 1986 ला चोरीला, सापडला तो जॅको जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर. एकाच बेसवर जीव लावणाऱ्यांची माझ्याकडची उदाहरणं ही अशी आहेत. त्यामुळे हल्ली मी जेमर्सन काढत नाही.

आता नेरुळचं सांगतो, कारण ज्यांना ते माहितीये त्यांचा प्रश्न जास्त टोचतो.

2018, गणपती, एका सोसायटीचा ऑर्केस्ट्रा. ताई नेरुळलाच राहते म्हणून आई मुद्दाम आलेली, पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर. पनवेल लोकलला कोपरखैरण्यापर्यंत अशी गर्दी की बॅग दारात चेपली गेली, एकाचा गुडघा सारखा खालच्या बाजूला लागत होता, मी बघितलं आणि सोडून दिलं. बेसच्या जॅकचा, म्हणजे केबल खुपसायच्या जागेचा, नट तसाही महिनाभर ढिला होता. बोटाने घट्ट करायचो, पाना घरात होता, पण करू उद्या. साउंडचेकला ठीक वाजला. चौथ्या गाण्यात भुर्रर्र असा आवाज आला आणि मग काहीच नाही. केबल बदलली, बेस साउंडला जोडणारा डीआय बॉक्स बदलला, साउंडवाला लांबून हात हलवतोय, आणि जॅकला हात लावला तर तो आत गरागरा फिरतोय, म्हणजे आतली वायर तुटली. स्टेजवर काय करणार.

कीबोर्डवाल्याने बघितलं, स्प्लिट टाकला, म्हणजे कीबोर्डचा डावा भाग बेसच्या आवाजावर घेतला, आणि डाव्या हाताने बेस धरला. विंगेतून ऑर्केस्ट्राचे मालक हाताने खूण करतायत, थांबू नको, वाजवत राहा. म्हणजे उभा राहा, दिसायला पाहिजे. आणि मी राहिलो. उरलेली अकरा गाणी मी बंद बेस वाजवला. बोटं बरोबर जागी पडत होती हे सगळ्यात वाईट, सवयीने फिल पण घेत होतो आणि बाजूने दुसऱ्याचाच बेस ऐकू येत होता. साधा सरळ, माझ्यासारखा नाही, पण गाणं कुठेही पडलं नाही. एकदा तर वाटलं ह्या गाण्यात तो माझ्यापेक्षा बरा वाजवतोय.

शो संपल्यावर आई म्हणाली, "ते शेवटचं भक्तिगीत काय वाजवलंस रे." मी हो म्हणालो. अजून तिला सांगितलेलं नाही. नाइट, म्हणजे त्या रात्रीचे पैसे, पूर्ण मिळाली, पाकिटात शंभर जास्तच होते. पुढच्या गणपतीत फोन आला नाही, तिसऱ्याकडून कळलं की मालक म्हणाले, कीबोर्डवर निघतो की बेस, एक माणूस कशाला.

तर तुम्ही म्हणता दुसरा बेस असता तर वाचला असतास. मीपण त्या रात्री परतीच्या गाडीत शपथ घेतली होती की पुढच्या महिन्यात घेतोच. पण त्या गर्दीत दोन बेस नेले असते का मी? मला एक पाना लागत होता. आता बॅगेत पाना, स्पेअर जॅक, सोल्डरिंग आयर्न सगळं असतं, पावसाळ्यात नेक (दांडी) वाकते तेव्हा आतल्या लोखंडी ट्रस रॉडला पाव वळसा द्यायची चावीपण. फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत चपट्या वेढ्याच्या तारा आहेत, खाडीच्या दमटपणात टिकतात.

हे पटतंय ना? मलापण पटायचं.

पण गेल्या दिवाळीत एका मित्राने त्याचा पाच तारांचा बेस पंधरा दिवस माझ्याकडे ठेवला. माझी सगळ्यात जाड तार पेटीच्या पांढरी तीनवर संपते, त्याखाली सूर नाही. गायिका काळी दोनमध्ये गायली की मी बरोबर अर्ध्या सुराने हुकतो, मग 'सा' वरच्या सप्तकात घ्यायचा आणि गाणं पोकळ होतं. तार उतरवता येते, पण मग त्या तारेवरची सगळी बोटं सरकतात आणि पुढचं गाणं लगेच दुसऱ्या पट्टीत. वर्षानुवर्षं मी म्हणत आलो, काय करणार, बेसला खाली सूरच नाही. मित्राच्या बेसला होता, खाली थेट पांढरी सातपर्यंत. पहिले तीन दिवस मजा आली. चौथ्या दिवशी रेकॉर्डिंग ऐकलं तर काळी दोनमधलं गाणं तरीही पोकळच, कारण मी ठोक्याच्या किंचित मागे पडतोय. नेहमीच पडत असणार. आत्तापर्यंत ते बेसच्या नावावर खपत होतं. बेस परत दिला, म्हणालो नेक जाड वाटते.

आणि पैशांचंही सांगून टाकतो, कारण मी त्यावर नेहमी हसून विषय बदलतो. 2020 ला शो बंद झाले तेव्हा हा एकुलता एक बेसही विकायला काढला होता. कोणी आलंच नाही बघायला. तेव्हा माझं त्याच्यावर प्रेम वगैरे म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्या.

मित्र आता तो पाच तारांचा विकतोय. तो अठ्ठावीस हजार म्हणतो, मी बावीसवर अडलोय. रोज फोन बघतो, आणि त्याने बावीसला हो म्हणू नये असंही वाटतं.