बक्षीस म्हणून सोफा नको

घरसजावटीची स्पर्धा म्हटली की चिठ्ठी टाकून एखाद्याला सोफा देणे एवढेच बहुतेक आयोजकांना सुचते. मला मात्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९४० साली घेतलेली फर्निचरची स्पर्धा आदर्श वाटते, कारण विजेत्याची वस्तू कारखान्यात तयार होऊन दुकानात विक्रीला यावी, हेच तिचे खरे बक्षीस होते. चार्ल्स ईम्स आणि ईरो सारिनेन या डिझायनरांच्या खुर्च्या तिथे पहिल्या आल्या. प्लायवूडचे थर साच्यात दाबून पाठ आणि बैठक एकसंध वळवण्याची त्यांची कल्पना विलक्षण होती, परंतु एकाच वेळी दोन दिशांना वळताना लाकडाला तडे जात असल्याने ते कवच गादी-कापडाने झाकावे लागले, आणि युद्धामुळे अॅल्युमिनियमऐवजी लाकडी पाय बसवावे लागले. कल्पनेची अशी कसोटी प्रत्यक्ष वस्तू घडवतानाच लागते.

म्हणून आपल्याकडच्या आयोजकांनी स्पर्धकांकडून खोलीची मापे आणि हाताने काढलेले रेखाटन मागवावे, लाकूड व मजुरी मिळून खर्चाची मर्यादा नियमांतच छापावी, आणि निवडलेले कपाट किंवा दिवाण विजेत्याच्याच गावातल्या सुताराकडून करवून त्याच्या घरी पोचवावे, असे मला मनापासून वाटते.