तुम्ही विचारलंत म्हणून: मग ते औषध मिळत का नाही?

'प्लॅटिनमला न जुमानणारा कॅन्सर तुमच्या रुथेनियमने मरतो म्हणता, मग ते औषध मिळत का नाही?' लग्नात, लिफ्टमध्ये, हाच प्रश्न. रुथेनियम या धातूची संयुगं मी लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशींवर तपासतो, म्हणून. पाठोपाठ सुवर्णभस्माचा. भस्माचं मला विचारू नका. सोन्याचं विचारायचंच तर ऑरानोफिनचं विचारा: अमेरिकेत १९८५ साली संधिवातासाठी मंजूर झालं, कॅन्सरसाठी अजून चाचण्यांतच आहे.

सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमच्या औषधाला कॅन्सरच्या पेशी सरावतात. आत कमी घेतात, घेतलेलं ग्लुटाथायोन या पेशीतल्याच रेणूने बांधून टाकतात, डीएनएची मोडतोड दुरुस्त करतात. रुथेनियम दुसऱ्या वाटेने मारेल, ही आमची आशा.

माझ्या आतेबहिणीचा अंडाशयाचा कॅन्सर कार्बोप्लॅटिन या प्लॅटिनमच्याच दुसऱ्या औषधाचे डोस संपल्यावर सहा महिन्यांच्या आतच उलटला. दाजी थेट लॅबवर आले. नेमकी प्लेट बाहेर होती: शहाण्णव खळगे, पेशी जिवंत तिथे जांभळा रंग. सिस्प्लॅटिनची ओळ जांभळी, माझ्या संयुगाची पिवळट.

"पिवळं म्हणजे मेल्या ना? अंडाशयाच्याच ना या?"

हो म्हणालो.

"मग फ्रीजमधली एक बाटली दे. जबाबदारी माझी."

मी किडनी, लिव्हर, परवानग्या असं बोलत सुटलो. दाजी प्लेटकडेच बघत होते. शेवटी म्हणाले, "यावर तुझा पेपर निघेल ना?"

निघाला. अक्का तोवर नव्हती.

म्हणून चिडतो. खळग्यात ना किडनी असते, ना रक्त. रुथेनियमचं माणसांत गेलेलं पहिलं संयुग नामी-ए चाचण्यांतच थांबलं. पिकोप्लॅटिन हे प्लॅटिनमचं औषध तर ग्लुटाथायोनला चकवायलाच घडवलेलं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तिसऱ्या टप्प्यात आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं नाही. शिवाय आमच्यातली एक घरची गोष्ट: कित्येक पेपरांत तुलनेचं सिस्प्लॅटिन डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवतात, आणि त्यात ते निकामी होतं. हात बांधलेल्या पहिलवानाला चीत करायचं, तसं. मी सलाइनच वापरलं होतं, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो.

पीएचडी करणारा मी मात्र यावर गप्प बसला नसता. त्याने आर्सेनिक ट्रायऑक्साइड काढलं असतं. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी एका रक्ताच्या कॅन्सरवर वापरलं, २००० साली अमेरिकेतही मंजूर झालं, तेही आधीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या, उलटलेल्या रुग्णांसाठी. आर्सेनिक धड धातू नाही, असं मी त्याला ऐकवतो. तो म्हणतो, रुग्णाला त्याचं काय? यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि त्याच्याकडेही उंदरांपलीकडे गेलेलं एकही संयुग नाही.