दोन वर्षं माशा मोजल्या

"आईचा रक्तगट एबी, वडिलांचा ओ आणि बाळाचा ओ. होईल का असं?"

एम.एस्सी. जेनेटिक्सच्या प्रवेशाच्या मुलाखतीतला हा पहिलाच प्रश्न. बी.एस्सी.ला झूऑलॉजीत वर्गात पहिली आलेली मी. "शक्यच नाही सर. एबी आईकडून ए नाहीतर बी येणारच. दवाखान्यात बाळ बदललं असेल," असं ठोकून दिलं. वर आणखी अक्कल पाजळली, "नाहीतर बाप दुसरा असेल." सर हसले नाहीत. म्हणाले, "कुणाच्या घरात बसून हे बोललीस तर त्या बाईला रात्रीच बाहेर काढतील."

मग त्यांनी बॉम्बे ब्लड ग्रुप सांगितला. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद केली. ए आणि बी ज्या एच नावाच्या पायावर चढतात तो पायाच नसेल, तर अंगात ए-बीचा जनुक असूनही तपासणीत रक्त ओ दिसतं. म्हणजे बाळ त्याच आईवडिलांचं असू शकतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तरी प्रवेश मिळाला. बहुधा जागा रिकाम्या होत्या म्हणून.

मी चंद्रपूर जिल्ह्यातली, घरी धानाची शेती. पुण्याला निघाले तेव्हा डोक्यात डीएनएची शिडी, पांढरा कोट, मोठमोठी मशिनं असलं काहीतरी होतं. पहिल्या सेमिस्टरला हातात आल्या माशा. ड्रोसोफिला, म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारं चिलट. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि घट्टपणासाठी अगरची पूड घालून त्यांचं जेवण शिजवायचं, बुरशी लागू नये म्हणून प्रोपिऑनिक आम्लाचे थेंब टाकायचे आणि बाटल्यांना कापसाचे बोळे लावायचे. पंचवीस अंशांना दहाएक दिवसांत नवी पिढी तयार. वास कपड्यांतून जायचा नाही. मेसमध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच असायची.

खरी कसरत कुमारी माशा गोळा करण्याची. मादी एकदा नराबरोबर राहिली की त्याचे शुक्राणू साठवून ठेवते, मग तुमच्या संकराचा हिशोब बोंबलला. कोषातून बाहेर आल्यावर साधारण आठ तास ती नराला दाद देत नाही, तेवढ्यात तिला वेगळी काढायची. त्यासाठी सकाळी सातला लॅबमध्ये. एकदा आईचा फोन आला तेव्हा मागून मैत्रीण ओरडली, "अगं, तुझ्या व्हर्जिन संपल्या का?" आईला ते समजावता समजावता बॅलन्स संपला. बाबांना एवढंच कळलं की पोरगी माशा मोजते. "तुले माशा मोजाले पाठवलं का पुण्याले?"

मोजणीचा एक प्रसंग मात्र डोक्यात पक्का बसलाय. साध्या पंखांची माशी आणि खुरट्या पंखांची माशी यांचा संकर. मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमाने दुसऱ्या पिढीत तीन साध्यांमागे एक खुरटी, तीनास एक असं प्रमाण यायला हवं. इथरने माशा गुंगवायच्या (जास्त झालं की पंख वर उभे राहतात, मग ती माशी मेलीच समजायची), पांढऱ्या टाइलवर ओतायच्या आणि कुंचल्याने उजवीकडे-डावीकडे करायच्या. माझे आकडे आले 251 आणि 61. आकडे अपेक्षेपासून किती हटले ते सांगणारा काय-स्क्वेअर काढला तर 4.94. मर्यादा 3.84. म्हणजे मेंडेल चूक, नाहीतर मी.

वर्गात बाकी सगळ्यांचे आकडे गुळगुळीत. कारण सीनिअर्सची प्रॅक्टिकलची जर्नलं बॅचमागून बॅच फिरत होती, एवढं तोवर मला कळलं होतं. मीही त्या रात्री 251च्या खाली 82 लिहिलं, आणि खोडलं. प्रामाणिकपणा म्हणून नव्हे. दुसऱ्या दिवशी मॅडमनी बाटली मागितली तर दाखवायचं काय?

मॅडमनी बाटलीच मागितली. उजेडात तिरकी धरली आणि म्हणाल्या, "तळ बघितलास का?" खुरट्या पंखांची पोरं अशक्त असतात, जेवणात रुतून मरतात. चिमट्याने एकेक उपसली. नऊ निघाली, नऊच्या नऊ खुरटी. 251 आणि 70. काय-स्क्वेअर 1.75. मॅडम म्हणाल्या, "बघ, मेलेल्याही मोजायच्या असतात." मग जाता जाता संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरचं नाव सांगून गेल्या. 1936 साली त्यांनी मेंडेलचेच आकडे तपासले होते आणि ते जरा जास्तच चोख असल्याचा निष्कर्ष काढला होता. म्हणजे ही जर्नलची रोगराई फार जुनी म्हणायची!

दुसऱ्या सेमिस्टरला सायटोजेनेटिक्स, म्हणजे गुणसूत्रांचं काम. रक्त 72 तास वाढवायचं, शेवटी कोल्चिसीन घालून पेशींची विभागणी मधेच अडवायची, पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पेशी फुगवायच्या आणि थंड स्लाइडवर उंचावरून थेंब सोडायचा. थेंब आपटला की पेशी फुटून गुणसूत्रं पसरतात. माझी पहिली तीन कल्चर वाया गेली, सूक्ष्मदर्शकाखाली नुसते गठ्ठे. कारण इतकं फालतू की सांगायला लाज वाटते. क्लोराइड 37 अंशांना गरम करून घ्यायचं असतं, मी थेट बाटलीतून ओतत होते. चौथ्या वेळी पहिली नीट पसरलेली पेशी दिसली तेव्हा तीनदा मोजलं, 46. माणसाची गुणसूत्रं 48 आहेत असं तीसेक वर्षं सगळे धरून चालले होते. 1956 साली त्जिओ आणि लेवान यांनी स्वीडनमध्ये नीट मोजली तेव्हा 46 भरली. तोवरही लोक सूक्ष्मदर्शकातूनच बघत होते ना! दिसायला हवं तेच दिसत होतं त्यांना.

क्वांटिटेटिव्ह जेनेटिक्स, म्हणजे उंचीसारख्या मोजायच्या गुणांचं गणित, त्याबद्दल जास्त बोलत नाही. दोनदा डोक्यावरून गेलं, तिसऱ्यांदा पास झाले. एवढंच पटलं की बाबांच्या बांधीतल्या धानाची उंची तीनास एक अशी येत नाही, कारण तिच्यामागे पुष्कळ जनुक आणि वर पाणी, खत. हे मेंडेलच्या नियमांत बसवून दाखवणारे पुन्हा तेच फिशर, 1918 साली. बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "पाणी कमी पडलं की धान ठेंगणं राह्यते, ह्याले पुण्याले जावं लागते का?"

मॉलिक्युलरला सगळ्यांच्या उड्या पडायच्या. डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन एक आणि आम्ही बावीस. पाळीसाठी भिंतीवर कागद लावलेला आणि त्यावरून भांडणं. डिझर्टेशनला, म्हणजे शेवटच्या संशोधन प्रकल्पाला, मी तिथे नंबर लावलाच नाही. सिकलसेल घेतलं, कारण आमच्या पूर्व विदर्भात तो घरोघरचा शब्द. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात जीएजी या तीन अक्षरांचं जीटीजी होतं, सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. भारतात हा आजार पहिल्यांदा निलगिरीत नोंदवला गेला तोही 1952 सालीच.

पॉप्युलेशन जेनेटिक्सचा पेपर मला इथे कळला. हार्डी-वाइनबर्गचं सूत्र परीक्षेत घोकलेलं, p वर्ग अधिक 2pq अधिक q वर्ग; p आणि q म्हणजे जनुकाच्या दोन रूपांचं लोकांतलं प्रमाण. पण शंभर लोकांत एक रुग्ण असेल तर त्याच सूत्राने वाहक, म्हणजे एकच सदोष जनुक असलेले, अठरा निघतात. एक आजारी आणि अठरा जण धडधाकट, ज्यांना काही ठाऊकच नाही. हा आकडा वहीत मांडला आणि गावातली बाजाराची गर्दी डोळ्यांसमोर आली.

डेझर्टेशनसाठीचं सिकलसेल तपासणीचं शिबिर आमच्याच तालुक्यात होतं. माझं काम नळ्यांचं. विद्राव्यतेच्या चाचणीत रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा आणि नळीमागे छापील रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. गढूळ होऊन दिसेनाशा झाल्या तर नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे विजेने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीला. तिथे वाहकाचे दोन पट्टे येतात, रुग्णाचा एक.

एक सून आली होती, कडेवर चार वर्षांचा मुलगा. त्याचं निदान झालेलं आणि पोटात दुसरं. तिने समुपदेशक ताईंना विचारलं, "चारात एकाले होते म्हणता. मंग हा झाला, आता पुढचे तीन सुटले ना?" चुकीचं गणित, पण माझ्या वर्गातल्या निम्म्यांनी परीक्षेत तेच केलं असतं. ताईंनी नाणं काढलं आणि सासूच्या हातात दिलं. छापा, छापा, काटा, छापा. "आधी काय पडलं ते नाण्याले आठवते का आजी?" सून गप्प झाली. दर खेपेला तेवढाच धोका, हे तिला कळलं होतं. पोटातल्या बाळाची तपासणी कुठे होते ते ताईंनी लिहून दिलं.

सासूचं मात्र वेगळंच चाललेलं. "हिच्या माहेरचं आहे हे. आमच्या घरात कोणाले नाही." ताई म्हणाल्या, रोग व्हायला दोघांकडून एकेक यावा लागतो. सासू ऐकेना. तिचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, मागे दाराशी उभा होता. त्याचा रिपोर्ट माझ्या हातात होता, दोन पट्टे. मला मुलाखतीतले सर आठवले आणि मी तोंड उघडलं नाही. तो स्वतःच पुढे आला. "सांगा म्याडम, मायसमोरच सांगा."

ताईंनी सांगितलं. सून खाली बघत होती. म्हातारी बराच वेळ मुलाकडे बघत राहिली. "मंग माह्या पोराले कुठून आलं?" कुणीच काही बोललं नाही. नाणं तिच्या मुठीत तसंच होतं. ते तिने टेबलावर ठेवलं, लुगड्याला बोट पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.