कोल्हापुरात दोन दिवस नुसतं प्यायलो

रविवारी रात्री घरी येऊन बॅग टाकली तर आईनं विचारलं, "काय काय खाल्लंत?" मी म्हटलं, "खाल्लं बेताचंच, प्यायलोच जास्त." तिचा चेहरा बघून ताबडतोब खुलासा करावा लागला.

पण खोटं काही बोललो नव्हतो. कोल्हापूरला सगळे खायला जातात असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात तिथं ताटात महत्त्वाचं जे काही असतं ते पातळ असतं.

हा बेत आमचा चार वेळा मोडला होता. शेवटी जानेवारीतला एक शनिवार धरून पहाटे पाचला पुणं सोडलं. चौघं होतो. गाडी माळकऱ्याची. माळकरी म्हणजे आमचा शाकाहारी मित्र, गळ्यात माळ वगैरे काही नाही. मागं डॉक्टरीणबाई, आणि मूळचा कोल्हापूरचा, पण पंधरा वर्षं पुण्यात राहून जराही न सुधारलेला एकजण. पेठनाका ओलांडल्यावर त्यानं काच खाली केली आणि त्याची भाषा बदलली. तोपर्यंत "आपण जेवूया" म्हणणारा माणूस "जेवूया की रं" म्हणायला लागला.

सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा रस्ता, त्यात रुंदीकरणाच्या कामामुळे दर थोड्या वेळानं डायव्हर्जन. पोचायला दहा वाजले. पोटात कावळे ओरडत होते म्हणून सरळ मिसळ.

तिथं माळकऱ्यानं पहिली चूक केली. वाढप्याला म्हणाला, "सँपल आणा थोडं." पोरगा नुसता बघत राहिला. मिसळीच्या रश्शाला पुण्यात सँपल, नागपुरात तर्री, आणि इथं कट. हा शब्द चुकला की तुम्ही पाहुणे ठरता. मटकी, वर फरसाण, कांदा, लिंबाची फोड आणि सोबत पाव म्हणून स्लाइस ब्रेड. लादीपाव मागितला तर "हाच पाव की" असं उत्तर. पहिल्यांदा मलाही हे खटकलं, पण कट पिऊन घ्यायला स्लाइससारखं दुसरं काही नाही, कोपरा बुडवला की अर्धी वाटी वर येते. कट दिसतो तसा जाळ नसतो. रंग असतो ब्याडगीचा, आणि तिखटपणा मागाहून, कानाच्या पाळीपाशी कळतो. तो कळला तेव्हा माळकऱ्यानं दुसरी चूक केली. तोंड निववायला म्हणून चटणी मागितली, हिरवी ओल्या खोबऱ्याची मनात धरून. पोरानं तत्परतेनं वाटीभर लाल कांदा-लसूण चटणी आणून ठेवली. कोल्हापुरात चटणी म्हणजे तिखट, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणारा शेजारीच बसून हसत होता.

मग अंबाबाई. शनिवार असल्यानं रांग मोठी, दर्शन क्षणभराचं. खासबाग मैदान मात्र निवांत पाहिलं. शाहू महाराज 1902 साली युरोपला गेले होते, तिथलं रोमचं कोलोसियम पाहून त्यांनी हे कुस्तीचं मैदान बांधवून घेतलं. 1912 साली ते सुरू झालं. खोलगट मैदान, मध्ये हौदा, भोवती चढत गेलेल्या पायऱ्या. कुठूनही बघा, पैलवानाची पाठ लागली की नाही ते स्वच्छ दिसणार. लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते आगीत जळालं. त्या रात्री आमचा कोल्हापूरकर फोनवर नीट बोलूही शकला नव्हता. तिथं तो जरा वेळ गप्प उभा राहिला, मग म्हणाला, "चला, रस्सा थंड व्हायचा."

जेवायला गेलो ती खानावळ साधी, टेबलं चिकटून चिकटून. ताटात सुकं मटण, ज्वारीची भाकरी, कांदा आणि दोन वाट्या, तांबडा नि पांढरा. मटण शिजवून उरलेलं अळणी पाणी दोन्हींच्या मुळाशी असतं. त्यात नारळाचं दूध, खसखस, काजू पडले की पांढरा, चटणी पडली की तांबडा. तांबड्याचं कौतुक सगळे करतात, माझं मत पांढऱ्याला. तो तोंडात मऊ लागतो आणि घशाखाली गेल्यावर मिऱ्याचा चटका देतो. वाढपी दोन हातांत दोन बादल्या घेऊन फिरत होता. तिसऱ्यांदा वाटी पुढं करताना मी ओशाळलो, तर तो म्हणाला, "लाजतायसा काय? पावणं पुण्याचं न्हवं?" माळकऱ्यासाठी अख्खा मसूर आला. त्यानंही तो चमच्यानं प्यायलाच.

हॉटेलवर गरम पाण्याची बोंब होती. फोन केला की "पाच मिनिटांत" असं उत्तर येई, आणि ती पाच मिनिटं संध्याकाळपर्यंत पुरली. जाऊ दे.

रात्री साडेनऊला गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला गेलो. मला खरं तर एवढंच लिहायचं होतं. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, शिंगं तेलानं चकचकीत, अंगावर दिव्याचा पिवळा उजेड. दुचाक्या त्यांना वळसा घालून जात होत्या. कट्ट्यावर माणसं बसलेली. कॉलेजची पोरं, एक आजोबा, दोन तालमीतले असावेत असे रुंद मानेचे. "किती?" म्हणून विचारलं की मालक उकिडवा बसणार, कास धुणार, पातेलं गुडघ्यात धरणार. पहिल्या धारा रिकाम्या भांड्यावर चर्र वाजतात, मग भांडं भरत जातं तसा आवाज जाड होतो. डोळे मिटून ऐकलं तरी पातेलं केव्हा भरलं ते कळावं. ग्लास हातात आला तो कोमट, वर तीन बोटं फेस.

डॉक्टरीणबाईंनी कच्चं दूध का पिऊ नये यावर छोटं व्याख्यान दिलं. मुद्दे बिनचूक होते. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं, स्वतःचा ग्लास रिकामा केला आणि मिशी पुसली. बाईंनी माझ्या ग्लासातलं "फक्त एक घोट" म्हणून निम्मं संपवलं. म्हैस इतका वेळ आमच्याकडे बघत रवंथ करत होती, जणू हे रोजचंच.

रविवारी पन्हाळ्याच्या रस्त्याला एक गुऱ्हाळ लागलं. काहिलीत रस उकळत होता, चुलवाणात एकजण चिपाडं ढकलत होता आणि गुळव्या वरची मळी काढत होता. मळी वर यावी म्हणून रसात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. रसाचा गूळ व्हायच्या आधी मधासारखी काकवी होते. ती त्यानं वाटीत ओतून दिली, खाली शेंगदाणे. ऊन काकवीचा वास कपड्यांना पुण्यापर्यंत होता. प्रत्येकी एक बाटली विकत घेतली.

माळकऱ्याच्या बाटलीचं झाकण नीट लागलं नव्हतं. मंगळवारी सकाळी त्याचा फोन आला, गाडीच्या डिकीतून मुंग्यांची रांग थेट तिसऱ्या मजल्याच्या जिन्यापर्यंत गेलीय, काय करू. कोल्हापूरकर पलीकडून म्हणाला, "गाडी चाटून बघ की."